द किड फ्रॉम क्लीव्हलँड कसा बघायचा (बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नसेल तरी)

आधी कबुली देतो. हा पिक्चर मी पहिल्यांदा लावला तेव्हा वीस-पंचवीस मिनिटांत बंद करून टाकला होता. एक बिथरलेला पोरगा, एक भला माणूस, मध्येमध्ये बेसबॉल, आणि सगळे ओळखीचे असल्यासारखे कुणीतरी लोक येऊन जाऊन दोन वाक्यं पाठ केल्यासारखी बोलतायत, मला वाटलं काय हे, कुणी अ‍ॅक्टिंग शिकवली यांना. मग महिनाभराने कळलं की ते अ‍ॅक्टर नव्हतेच, ती खरीखुरी टीम होती, आदल्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकलेली. म्हणजे चूक पिक्चरची कमी आणि माझी जास्त. तयारी न करता बसलो होतो.

म्हणून हे गाइड. तुम्ही माझ्यासारखे क्रिकेटवर वाढलेले असाल आणि जुना ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर बघायची थोडीफार सवय असेल तर एक संध्याकाळ तयारीला आणि एक संध्याकाळ पिक्चरला, एवढं पुरे.

सुरुवातीची माहिती पटकन. साल १९४९, लांबी ८९ मिनिटं, कंपनी रिपब्लिक पिक्चर्स, म्हणजे कमी बजेटचे घोडे-पिस्तूलवाले पिक्चर आणि सिरियल काढणारी. हीरो म्हणजे जॉर्ज ब्रेंट, तो क्लीव्हलँडच्या टीमचा रेडिओ कॉमेंटेटर झालाय, त्याची बायको लिन बारी. आणि तो पोरगा, जॉनी, म्हणजे रस टॅम्ब्लिन, तेव्हा चौदा वर्षांचा. हाच पुढे १९६१ च्या वेस्ट साइड स्टोरीमध्ये रिफ झाला, त्यामुळे त्याचा चेहरा कुठेतरी बघितल्यासारखा वाटला तर तुमचं बरोबर आहे.

गोष्ट चार ओळींची. जॉनी घरी रमत नाही, आईने दुसरं लग्न केलंय आणि सावत्र बापाशी पटत नाही, पोरगा खोटं बोलतो, भटकतो, हळूहळू वाईट संगतीकडे सरकतो, आणि त्याला जगात एकच गोष्ट प्रिय आहे ती म्हणजे क्लीव्हलँड इंडियन्स. रेडिओवाला त्याला धरतो आणि मग सगळी टीमच त्याच्यामागे उभी राहते. झालं. यापेक्षा जास्त सांगत नाही, सांगण्यासारखं फार नाहीही.

अपेक्षा कुठे ठेवायची

मास्टरपीस समजून बसू नका. टीमचा मालक बिल व्हीक आणि कॅप्टन-मॅनेजर लू बूड्रो, दोघंही यात स्वतःच्याच रोलमध्ये आहेत आणि दोघांनीही पुढे आयुष्यभर या पिक्चरबद्दल चांगला शब्द काढला नाही, उलट जमेल तेवढी टर उडवली. ज्यांनी काम केलं त्यांचंच हे मत, तर तुम्हाला मधले काही सीन कंटाळवाणे वाटले तर अपराधी वाटून घेऊ नका.

पण दोन नावं बघून ठेवा. डायरेक्टर हर्बर्ट क्लाइन हा मुळात डॉक्युमेंटरीवाला, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपात जाऊन कॅमेरा फिरवलेला माणूस. आणि लेखक जॉन ब्राइट, ज्याचं नाव १९३१ च्या द पब्लिक एनिमी या गँगस्टर पिक्चरच्या मूळ लेखकांत आहे, तिथे गल्लीतला पोरगा मोठा होऊन गुंड होतो आणि मरतो. म्हणजे बघा, ज्या माणसाने बिघडत गेलेल्या पोराची सगळ्यात भयंकर गोष्ट लिहिली त्यानेच अठरा वर्षांनी तसाच पोरगा घेतला आणि या वेळी त्याला वाचवायचं ठरवलं. मला ही जोडी भारी वाटते. डॉक्युमेंटरीवाला आणि गँगस्टरवाला मिळून पोरांचा पिक्चर काढतात तेव्हा तो थोडा वाकडातिकडा होणारच.

यातून बघायची रीतही मिळते. गोष्ट एका डोळ्याने बघा आणि मागे उभी असलेली माणसं दुसऱ्या डोळ्याने. कारण मेंटॉरिंगची लिहिलेली गोष्ट इथे पातळ आहे, पण त्याच फ्रेममध्ये उभ्या असलेल्या लोकांच्या आयुष्यात ती खरोखर घडलेली आहे, आणि ती माहीत असली की पिक्चर एकदम भरीव होतो. याकडे खाली येतोच, आधी खेळ.

बेसबॉल, क्रिकेटवाल्यांपुरता

नऊ-नऊ जणांच्या दोन टीम, नऊ इनिंग, प्रत्येक इनिंगमध्ये दोघांची एकेकदा बॅटिंग, आणि तीन आऊट झाले की बॅटिंग संपली. सगळे आऊट व्हायची वाट बघत बसू नका, मी बघत होतो.

बॉल टाकतो तो पिचर, टप्पा न पाडता थेट टाकतो, साठ फूट सहा इंचांवरून. बॅटरच्या मागे बसलेला जाळीवाला तो कॅचर, विकेटकीपर म्हणा, फक्त हा बिचारा सगळी मॅच उकिडवा बसतो आणि पिचरला कोणता बॉल टाक ते बोटांनी खुणा करून सांगतो. झेपण्यासारखा बॉल सोडला किंवा बॅट फिरवून हुकला की स्ट्राइक, तीन स्ट्राइकला आऊट. बाहेरचा बॉल सोडला तर त्याला नुसतं बॉल म्हणतात, तसे चार झाले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर. बेस चार, एकेकात नव्वद फुटांचं अंतर, गोल फिरून पुन्हा घरी आलं की एक रन. त्यामुळे रन फार कमी होतात, २-१ असा स्कोर म्हणजे रटाळ मॅच नाही, उलट श्वास रोखून बघायची मॅच. आणि मैदानाच्या कुंपणापलीकडे मारला की होम रन, मारणारा आणि त्याच्या आधी बेसवर थांबलेले सगळे आरामात घरी.

बाकी एक शब्द, पेनंट. तेव्हा दोन लीग होत्या, अमेरिकन आणि नॅशनल, प्रत्येकी आठ टीम, सीझनमध्ये १५४ मॅच, लीगमध्ये पहिला येतो त्याला पेनंट आणि मग दोन्ही लीगचे पहिले एकमेकांशी भिडतात ती वर्ल्ड सिरीज, सातपैकी आधी चार जिंकेल तो. एवढं आलं की बस झालं, इनफिल्ड फ्लायच्या नियमात शिरू नका, बाहेर येणं कठीण आहे.

१९४८ चा सीझन (हे अजिबात स्किप करू नका)

पिक्चर ज्यावर उभा आहे ते हे वर्ष आहे, आणि पिक्चर धरून चालतो की तुम्हाला ते पाठ आहे. १९४९ मधल्या अमेरिकन प्रेक्षकाला होतंच. आपल्याला नाही, म्हणून.

व्हीकने १९४६ मध्ये टीम विकत घेतली. युद्धातल्या जखमेमुळे एक पाय गेलेला, लाकडी पाय लावून फिरणारा, आणि त्या लाकडी पायात अ‍ॅशट्रे कोरून घेतलेला हा माणूस. मैदानात फटाके, विदूषक, बक्षिसं, जे जमेल ते करायचा. १९४८ मध्ये एका साध्या प्रेक्षकाने पत्र पाठवलं की खेळाडूंना मानसन्मान देता, आमच्यासारख्या रोज येणाऱ्या सामान्य माणसाला कधी देणार, तर व्हीकने खरंच त्याच्या नावाने एक रात्र ठेवली आणि सगळ्यांसमोर त्याला कार देऊन टाकली. हे लक्षात ठेवा, कारण पिक्चरमध्ये एवढी मोठी टीम एका पोरासाठी वेळ काढते हे बघून तुम्ही म्हणाल की असं कुठे असतं का, आणि उत्तर असं की इतर कुठल्या टीमबद्दल माहीत नाही, पण या मालकाबद्दल पटण्यासारखं आहे.

सीझन संपला तेव्हा क्लीव्हलँड आणि बोस्टन रेड सॉक्स बरोबरीत. अमेरिकन लीगमध्ये असं आधी कधी झालेलं नव्हतं. ४ ऑक्टोबरला बोस्टनच्या मैदानावर एकच मॅच, जिंकेल तो वर्ल्ड सिरीजला. पिचर म्हणून बूड्रोने उभं केलं जीन बेअर्डनला, जो त्याच वर्षी नावारूपाला आलेला आणि मध्ये फक्त एक दिवस विश्रांती मिळालेला. क्लीव्हलँड ८-३ ने जिंकलं, स्वतः बूड्रोने चारपैकी चारही वेळा हिट मारले (हिट म्हणजे बॉल मारून बेस गाठणं), त्यात दोन होम रन. मॅनेजरही तोच आणि मेन बॅटरही तोच, विचार करा. आणि गंमत म्हणजे आदल्या हिवाळ्यात व्हीक याच बूड्रोला दुसऱ्या टीमला देऊन टाकायच्या विचारात होता, गावातल्या लोकांनी एवढा गोंधळ घातला की बेत सोडावा लागला.

मग बोस्टन ब्रेव्ह्जविरुद्ध वर्ल्ड सिरीज, ४-२ ने जिंकली. तिथली पाचवी मॅच क्लीव्हलँडच्या म्युनिसिपल स्टेडियमवर, प्रेक्षक ८६,२८८. एवढ्या गर्दीसमोर क्लीव्हलँड ११-५ ने हरलं ते सोडा. स्टेडियम लेक इरीच्या काठावर, प्रचंड, एवढं प्रचंड की व्हीकने आत दुसरं कुंपण घातलं तेव्हा कुठे होम रन मारणं माणसात आलं. १९९६ मध्ये ते पाडलं. त्यामुळे पिक्चरमध्ये जे मैदान दिसतं ते आता फक्त असंच दिसू शकतं.

त्यानंतर ही टीम १९५४, १९९५, १९९७ आणि २०१६ मध्ये वर्ल्ड सिरीजला पोचली आणि चारही वेळा हरली. नाव आता इंडियन्स नाही, २०२२ च्या सीझनपासून गार्डियन्स आहे. मूळ अमेरिकन माणसाचं ते हसणारं व्यंगचित्र २०१८ नंतर युनिफॉर्मवरून काढलं गेलं, का काढलं हे ते बघितल्यावर सांगावं लागत नाही. जुना पिक्चर बघताना अशा गोष्टी समोर येणार, डोळे मिटून घेऊ नका आणि रिमोटही फेकू नका.

माणसं ओळखायला शिका

हा खरा मुद्दा. पिक्चर लावण्याआधी खालच्या माणसांचे १९४८ चे फोटो शोधून दहा मिनिटं बघून घ्या, मोबाईल हातात ठेवून पिक्चर बघणं मला आवडत नाही, पण फोटो आधी बघितलेले असले तर मोबाईल लागतच नाही.

लॅरी डोबी. ५ जुलै १९४७ ला अमेरिकन लीगमध्ये खेळलेला पहिला काळा खेळाडू. जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिलला नॅशनल लीगमध्ये आला, त्याला सगळं जग ओळखतं, डोबी त्याच्या अकरा आठवडे नंतर आला आणि म्हणून कमी ओळखलं जातं, सोसलं मात्र तेवढंच. टीमचा सराव अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनला व्हायचा आणि तिथल्या हॉटेलात डोबीला बाकीच्यांसोबत राहता यायचं नाही, तो गावातल्या एका काळ्या कुटुंबाकडे उतरायचा. आता हे डोक्यात ठेवून त्याला पडद्यावर इतरांबरोबर उभा असलेला बघा.

ट्रिस स्पीकर. म्हातारा, पांढऱ्या केसांचा. १९२० मध्ये क्लीव्हलँडने पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हाचा खेळणारा मॅनेजर, सेंटर फील्डमधला, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात मधोमध उभा राहणारा, त्याच्या काळातला दादा माणूस. डोबी मुळात सेकंड बेसचा, त्या जागी इथे आधीच जो गॉर्डन होता, मग डोबीला आउटफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या मागच्या मोकळ्या भागात टाकायचं ठरलं आणि ते त्याला शिकवलं कुणी, तर या स्पीकरने. साठीला आलेला टेक्ससचा गोरा माणूस आणि चोवीस वर्षांचा डोबी, दोघं मैदानात बॉलमागे पळतायत. त्या वर्षी डोबीने .३०१ ने बॅटिंग केली, म्हणजे दहातले तीन हिट, बेसबॉलमध्ये हे उत्तम. आणि सिरीजच्या चौथ्या मॅचमध्ये त्याच्याच होम रनने क्लीव्हलँड २-१ ने जिंकलं, मॅचनंतर पिचर स्टीव्ह ग्रोमेकने त्याला गालाला गाल लावून मिठी मारली तो फोटो देशभर छापून आला. एक गोरा आणि एक काळा, १९४८ मध्ये, मनापासून हसत. तो फोटो आधी बघा. ग्रोमेकही पिक्चरमध्ये आहे.

बॉब लेमन. हा आणखी एक. १९४६ च्या पहिल्या मॅचला हा सेंटर फील्डला खेळला होता, बॅटिंग मात्र काही केल्या जमेना, करिअर संपल्यात जमा. पण हात दणकट. त्याला पिचर करून बघितलं, शिकवणाऱ्यांनी शिकवलं, आणि ३० जून १९४८ ला त्याने नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्या टीमला पूर्ण मॅचमध्ये एकही हिट मिळू दिला नाही. त्या सीझनला वीस मॅच जिंकला (बेसबॉलमध्ये मॅचची हारजीत पिचरच्या नावावर लिहितात). चुकीच्या जागी उभ्या असलेल्या माणसाला कुणीतरी हाताला धरून बरोबर जागी नेऊन उभं केलं, यापेक्षा मेंटॉरिंग म्हणजे वेगळं काय असतं?

सॅचेल पेज. ४२ व्या वर्षी नवखा. वर्षानुवर्षं काळ्यांच्या निग्रो लीगमध्ये खेळलेला, कदाचित त्या काळातला सगळ्यात भारी पिचर, पण रंगामुळे दार बंद. जुलै १९४८ मध्ये व्हीकने त्याला घेतलं तेव्हा लोक म्हणाले पब्लिसिटी स्टंट, म्हाताऱ्याला काय घेता. उरलेल्या सीझनमध्ये सहा जिंकल्या, एक हरला.

बॉब फेलर. आयोवातल्या शेतकऱ्याचा पोरगा, बापाने शेतातच त्याच्यासाठी मैदान तयार केलं होतं. १९३६ मध्ये सतराव्या वर्षी क्लीव्हलँडकडून खेळला, एका मॅचमध्ये सतरा जणांना स्ट्राइक-आऊट केलं आणि सीझन संपल्यावर परत शाळेत जाऊन बसला. माझ्या मते पिक्चरच्या नावातला खरा किड हाच. पर्ल हार्बरनंतर लगेच नेव्हीत भरती झाला, ऐन जोरातली जवळजवळ चार वर्षं गेली. आणि १९४८ मध्ये सगळी टीम वर्ल्ड सिरीज जिंकली पण फेलरने टाकलेल्या दोन्ही मॅच हरल्या, पहिली तर अवघ्या १-० ने. पुढे कधीच वर्ल्ड सिरीजची एकही मॅच त्याच्या नावावर जिंकली गेली नाही. पडद्यावर तो आला की हे आठवून बघा, चेहरा वेगळाच दिसतो.

बेअर्डन, ज्याच्याबद्दल वर लिहिलं, त्याने त्या वर्षी वीस जिंकल्या आणि पुढे उरलेल्या करिअरमध्ये एकाही सीझनला दहासुद्धा जिंकू शकला नाही. पिक्चर शूट होत होता तेव्हा त्याला हे माहीत नव्हतं.

हॅंक ग्रीनबर्गसुद्धा आहे, खेळाडू म्हणून रिटायर होऊन व्हीकबरोबर ऑफिसात आलेला. ज्यू असल्यामुळे त्याने आयुष्यभर मैदानात शिव्या खाल्ल्या होत्या आणि १९४७ मध्ये शेवटच्या सीझनला विरुद्ध टीममधून खेळताना त्याने नवख्या जॅकी रॉबिन्सनला धीर दिला होता. केन केल्टनर तिसऱ्या बेसवरचा, १९४१ मध्ये यँकीजच्या जो डिमॅजिओची सलग ५६ मॅचमध्ये हिट मारायची स्ट्रीक तोडण्यात ज्याच्या दोन जबरदस्त कॅचेस होत्या, अरे कॅचेस नाही, बॅकहँड स्टॉप्स, बघा क्रिकेट डोक्यातून जात नाही.

आता बघा

पहिल्या बैठकीत थांबू नका, पॉज करू नका, एका दमात ८९ मिनिटं. सबटायटल मिळाले तर लावा, त्या काळचे अ‍ॅक्टर भराभर बोलतात आणि खेळाडू पुटपुटतात.

बघताना एक खेळ खेळा. कुठला शॉट खऱ्या वर्ल्ड सिरीजचा आणि कुठला पिक्चरसाठी घेतलेला, हे ओळखायचं. दोन्ही प्रकारचे शॉट आहेत. खरं फुटेज जरा जाड दाण्याचं, लांबून आणि उंचावरून घेतलेलं, कॅमेरा बॉलमागे धावतो आणि कधीकधी हुकतो, गर्दी खरी असते, म्हणजे कुणीतरी बॉलकडे न बघता भलतीकडेच बघत असतो. पिक्चरसाठी घेतलेल्या शॉटमध्ये चेहरा नीट उजेडात, मागची गर्दी एकतर पुसट किंवा मोजकी, आणि बॉल नेमका फ्रेमच्या मधोमध येतो. सावल्या बघा, सलग दोन शॉटमध्ये सावलीची दिशा बदलली की समजायचं जोड मारलाय. एकदा डोळा बसला की मजा येते, आणि कंटाळवाणे सीनही पटकन सरतात.

खेळाडूंच्या अ‍ॅक्टिंगला हसू येईल. येऊ द्या. पण मग नीट बघा, ते ब्रेंटच्या शेजारी उभे असताना काय होतं. ब्रेंट मुरलेला नट, बेटी डेव्हिसबरोबर ढीगभर पिक्चर केलेला, प्रत्येक वाक्य घासूनपुसून टाकतो. आणि शेजारी एखादा पिचर हात कुठे ठेवावेत हे न कळून उभा आहे. मला तर त्या अवघडलेपणाचाच विश्वास बसला. मोठ्या माणसाला पोराशी काय बोलावं हे सुचत नसतं ना, ते अगदी असंच दिसतं. खांद्यावर हात ठेवायचा असतो पण ठेवू की नको असं होतं.

पोरगा आणि मोठी माणसं

दुसऱ्या वेळी बघाल तेव्हा (आणि दोनदा बघा असंच मी म्हणेन, मध्ये आठवडा जाऊ द्या) फक्त जॉनीवर लक्ष ठेवा. तो खोटं कधी बोलतो? कुणासमोर बोलतो? आणि खोटं पकडलं गेल्यावर समोरचा माणूस काय करतो, ओरडतो, सोडून देतो की विचारतो? मी कागदावर तीन रकाने केले होते, हसू नका, खरंच उपयोग होतो, कारण त्या काळच्या पिक्चरमध्ये उपदेश एवढ्या मोठ्या आवाजात येतो की बारीक गोष्टी निसटतात.

सावत्र बापाकडेही जरा सहानुभूतीने बघा. युद्ध संपून चारच वर्षं झालेली, कितीतरी घरांत बाप परत आलेले नव्हते, आया पुन्हा उभ्या राहत होत्या, आणि घरात एक नवा माणूस आणि त्याला बाप म्हणायला तयार नसलेला पोरगा, ही गोष्ट तेव्हाच्या थिएटरमध्ये बसलेल्या कित्येकांना पडद्यावर बघावी लागली नसेल, घरीच असेल. बिघडलेल्या पोरांवरचे पिक्चर त्या सुमारास एवढे का निघत होते याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

आणि मेंटॉर रेडिओवाला का, याचा विचार करा. खेळाडू का नाही, कोच का नाही? तेव्हा टीव्ही मोजक्या घरांत, मॅच म्हणजे रेडिओ. पोरांच्या घरात रोज संध्याकाळी येणारा मोठ्या माणसाचा आवाज म्हणजे कॉमेंटेटरचा आवाज. घरातल्या बापापेक्षा तोच ओळखीचा. लेखकाने ही जागा बरोबर पकडली आहे, मग तिचं पूर्ण सोनं केलं नाही हा भाग वेगळा.

एक गोष्ट मला खटकते ती सांगूनच टाकतो. एवढे सगळे नामांकित लोक एका पोरामागे उभे राहिल्यावर तो सुधारणारच की. ज्याच्यामागे फेलर आणि पेज नाहीत त्याचं काय? याचं उत्तर मला पिक्चरमध्ये नाही मिळालं, पण बेसबॉलच्या इतिहासात मिळालं. बाल्टिमोरमध्ये १९०२ साली सात वर्षांच्या एका पोराला आईबापांनी सेंट मेरीज नावाच्या सुधारशाळेत टाकलं, हाताबाहेर गेलाय म्हणून. तिथे ब्रदर मथायस नावाचा धिप्पाड कॅथलिक धर्मबंधू शिस्तीचं बघायचा, तो पोरांना स्वतः बॉल मारून दाखवायचा. पोरगा बघत राहिला, शिकला, १९१४ मध्ये तिथूनच त्याला बाल्टिमोर ओरिओल्सने उचललं. तो बेब रूथ, बेसबॉलमधलं सगळ्यात गाजलेलं नाव. मथायसमागे कुठली टीम नव्हती, रेडिओवरची कॉमेंट्री तर जन्माला यायची होती. रूथ १६ ऑगस्ट १९४८ ला गेला, म्हणजे ज्या सीझनवर हा पिक्चर आहे त्याच सीझनच्या मध्यात. तेव्हा बिघडलेला पोरगा, भला माणूस आणि बेसबॉल ही जोडी त्या वर्षी सगळ्या देशाच्या तोंडी होती, लेखकाला फार लांब जावं लागलं नसणार.

जोडीला काय बघायचं

यानंतर लगेच दुसरा बेसबॉल पिक्चर लावायचा मोह झाला तर १९५३ चे दोन आहेत. बिग लीगर, यात एडवर्ड जी. रॉबिन्सन न्यूयॉर्क जायंट्सच्या फ्लोरिडातल्या ट्रायआउट कॅम्पचा प्रमुख आहे, पोरं येतात, बहुतेकांना घरी पाठवावं लागतं, आणि नाही म्हणणं हेही शिकवणाऱ्याचं काम कसं असतं ते दिसतं. रॉबर्ट ऑल्ड्रिचचा डायरेक्टर म्हणून पहिला पिक्चर. दुसरा द किड फ्रॉम लेफ्ट फील्ड, हलकाफुलका, मैदानात शेंगदाणे विकणारा माजी खेळाडू आणि त्याचा बॅटबॉय (टीमच्या बॅटा सांभाळणारा) पोरगा, मुलांबरोबर बघायचा असेल तर हाच आधी लावा, क्लीव्हलँडवाला दहा-बारा वर्षांच्या पुढच्यांना ठीक आहे.

आणि १९५७ चा फिअर स्ट्राइक्स आउट. अँथनी पर्किन्स आणि कार्ल माल्डन, बोस्टन रेड सॉक्सच्या जिमी पिअरसॉलची खरी गोष्ट, १९५२ मध्ये त्याचं मन कोलमडलं त्यावर. इथे शिकवणारा बाप आहे, पोरावर जीव असलेला, आणि तोच पोराला मोडतो. बाकीच्या सगळ्या पिक्चरची ही उलटी बाजू आहे. पण तो त्याच रात्री लावू नका, क्लीव्हलँडनंतर दोन-तीन दिवस जाऊ द्या, आणि लावाल तेव्हा उशीर करू नका, मी रात्री अकराला लावला होता आणि नंतर बराच वेळ झोप आली नाही.